एकाच नावाचे किती फेरेर? मनमाडचे फादर, वालेन्सियाचे संत आणि बाकीची मंडळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक वाचक मनमाडच्या साठच्या दशकावर लिहीत आहेत. ‘व्हिसेंते फेरेर’ हे नाव शोधलं की निम्म्या नोंदी चौदाव्या शतकातल्या एका संताच्या निघतात. कुठे आडनाव फेरेर दिसतं, कुठे मोन्चो. एका ठिकाणी तर मनमाडच्या विहिरींच्या कामाखाली १३५०–१४१९ अशी सालं छापलेली सापडली. ही माणसं नक्की किती, कोण कोणता, आणि मराठी पुस्तकाच्या नामसूचीत त्यांना बसवायचं कसं?

माझी नोकरी ग्रंथालयात कॅटलॉग करण्यात गेली, आणि त्यातही युरोपीय नावांची कार्डं बहुतेक माझ्याच टेबलावर येत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी निकाल. तुम्हाला हवे असलेले, मनमाडला विहिरींचं काम उभं करणारे फादर फेरर म्हणजे व्हिसेंते फेरेर मोन्चो. जन्म बार्सिलोना, ९ एप्रिल १९२०. मृत्यू अनंतपूर, १९ जून २००९. संत आहेत ते व्हिसेंत फेरेर. जन्म वालेन्सिया, १३५०. मृत्यू फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातलं व्हान, ५ एप्रिल १४१९. दोघांमध्ये पावणेसहाशे वर्षांचं अंतर. दोघंही धर्मसेवक, दोघंही पूर्व स्पेनमधल्या कातालान भाषेच्या मुलखातले, दोघंही गर्दी जमवणारे, त्यामुळे घाईत काम करणाऱ्या माणसाला (आणि हल्ली यंत्राला) ते एकच वाटतात.

आता मोन्चोचं कोडं. आपल्याकडे नाव लिहायची रीत पक्की आहे: स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. त्यामुळे ‘व्हिसेंते फेरेर मोन्चो’ वाचलं की मराठी डोळा आपोआप ठरवतो की व्हिसेंते हा फेरेरचा मुलगा आणि घराणं मोन्चोंचं. इथेच घोटाळा होतो. स्पेनमध्ये, म्हणजे कातालोनिया, वालेन्सिया आणि मायोर्कातही, माणसाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. रोजच्या वापरात पहिलं राहतं, दुसरं कागदोपत्री. राफाएल नदालचं पूर्ण नाव राफाएल नदाल पारेरा. वडील नदाल, आई पारेरा. त्याला टेनिसच्या स्कोअरबोर्डावर कोणी पारेरा म्हणून कधी पाहिलेलं नाही, आणि कॅटलॉगमध्येही तो ‘न’मध्येच जातो. तसेच फादर फेरर ‘फ’मध्ये.

कातालान लिहिताना या दोन आडनावांच्या मध्ये पुष्कळदा ‘इ’ हे छोटं अव्यय येतं. त्याचा अर्थ ‘आणि’. म्हणून चित्रकार जोआन मिरोचं पूर्ण नाव जोआन मिरो इ फेर्रा. हा ‘इ’ काही जण आवर्जून लावतात, काही जण कधीच लावत नाहीत, आणि एकाच माणसाच्या दोन पुस्तकांवर दोन्ही प्रकार सापडतात. तो असण्यानसण्यावरून माणूस वेगळा ठरत नाही. दुसऱ्या आडनावावरून मात्र ठरतो. जिथे नाव आणि पहिलं आडनाव दोन्ही सर्रास आढळणारी असतात, तिथे आईकडचं आडनाव हाच खरा आधार.

आणि फेरेर हे आडनाव सर्रास आढळणारंच आहे. ते लोहाराच्या धंद्यावरून आलं, आणि लोहार प्रत्येक गावात एक तरी असायचाच. त्यात वालेन्सियात व्हिसेंत हे नाव दर दुसऱ्या घरात. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात ‘दत्तात्रय कुलकर्णी’ अशी हाक मारली तर किती जण वळून बघतील, तोच प्रकार. व्हिसेंत नावाचे संतसुद्धा तिथे दोन आहेत. एक हुतात्मा व्हिसेंत, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन छळात मारला गेलेला, वालेन्सिया शहराचा आश्रयदाता, सण २२ जानेवारीला. दुसरे आपले व्हिसेंत फेरेर, त्यांचा जन्म परंपरेनं २३ जानेवारीचा मानतात. या शहरात एक रस्ता ‘हुतात्मा’ व्हिसेंतच्या नावानं आणि एक सण ‘फेरेर’ व्हिसेंतच्या नावानं, असा व्यवहार चालतो, आणि बाहेरचा लेखक दोघांची सरमिसळ करून मोकळा होतो.

संत फेरेरांबद्दल जरा विस्तारानं सांगतो, कारण त्यांच्या नोंदी नीट ओळखता आल्या की तुमच्या नोंदींतला निम्मा कचरा निघून जाईल. वडील गिल्येम फेरेर हे नोटरी, म्हणजे दस्त करणारे. आई कोन्स्तान्सा मिकेल. आजच्या नियमानं त्यांना ‘फेरेर इ मिकेल’ म्हणायला हवं, आणि काही आधुनिक लेखक तसं लिहितातही. मला ते पटत नाही. चौदाव्या शतकात दोन आडनावांची ही घडी बसलेली नव्हती. त्या काळच्या माणसाला आजच्या नोंदणी कार्यालयाचा शिक्का मारून उपयोग काय? कॅटलॉगात त्यांच्या नावापुढे ‘संत’ आणि सालं लावली की काम भागतं.

ते सतरा वर्षांचे असताना, १३६७ मध्ये, डोमिनिकन संघात गेले. हा संघ प्रवचनकारांचा. पुढे कॅथलिक चर्चमध्ये एकाच वेळी दोन पोप, एक रोमला आणि एक फ्रान्सच्या बाजूला आव्हिन्योंला, असा मोठा दुभंग झाला. तेव्हा ते आव्हिन्योंच्या बाजूचे होते. तिथल्या तेराव्या बेनेडिक्टचे ते निकटचे. १३९९ पासून त्यांनी पायी फिरून प्रवचनं द्यायला सुरुवात केली आणि जवळजवळ मरेपर्यंत फिरत राहिले: स्पेन, दक्षिण फ्रान्स, उत्तर इटली, शेवटी ब्रिटनी. विषय मुख्यतः शेवटच्या न्यायनिवाड्याचा. म्हणून चित्रांत आणि मूर्तींत ते एक बोट वर करून उभे दिसतात, पुष्कळदा पाठीला देवदूताचे पंखही असतात, आणि जवळ ‘देवाचं भय धरा’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य लिहिलेलं असतं. काळा झगा आणि पांढरा अंगरखा हा डोमिनिकनांचा वेश. पंख असलेल्या फादरचं चित्र मनमाडच्या लेखात वापरलेलं दिसलं, तर ते कुठून उचललंय ते समजून जा.

त्यांची राजकीय बाजूही मोठी आहे. आरागोनचा राजा मार्ती १४१० मध्ये वारस न ठेवता मेला. तेव्हा गादी कोणाला द्यायची हे ठरवायला आरागोन, कातालोनिया आणि वालेन्सिया यांचे प्रत्येकी तीन असे नऊ प्रतिनिधी कास्पे गावात बसले. वालेन्सियाच्या तिघांत व्हिसेंत होते, आणि त्यांचा सख्खा भाऊ बोनिफासीही होता. १४१२ मध्ये निर्णय कास्तीलच्या फेर्नान्दोच्या बाजूनं गेला, त्यामुळे अनेक कातालान इतिहासलेखकांचा या भावांवर आजही राग आहे. याच वर्षांत त्यांच्या प्रवचनांबरोबर ज्यूंवर धर्मांतराचा दबाव वाढत गेला. कास्तीलमध्ये १४१२ साली ज्यूंवर निर्बंध घालणारे जे कायदे झाले, त्यांच्याशी त्यांचं नाव जोडलं जातं. भक्तिपर चरित्रांत हा भाग सहसा एका ओळीत उरकतात. तुम्ही संताबद्दल दोन परिच्छेद लिहिणार असाल तर हा भाग गाळू नका.

भावाचा उल्लेख मुद्दाम केला. बोनिफासी कार्थुसियन या एकांतवासी साधूंच्या संघात गेला आणि त्याच्या नावावर बायबलचं वालेन्सियन भाषेतलं भाषांतर आहे. ते १४७८ मध्ये वालेन्सियात छापलं गेलं. चर्चच्या धर्मन्यायालयानं (इन्क्विझिशननं) त्याच्या प्रती जाळल्या, आणि आज त्याचं फक्त शेवटचं पान उरलंय. ते न्यू यॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत आहे. त्या पानावरच्या समाप्तिलेखात भाषांतरकाराची ओळख कशी करून दिलीय? ‘प्रवचनकारांच्या संघातल्या धन्य संत व्हिसेंत फेरेरचा भाऊ’ अशी. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या वालेन्सियातल्या छापखान्यालाही ठाऊक होतं की नुसतं ‘फेरेर’ म्हणून भागणार नाही, नातं सांगावं लागेल, आणि संत कोणत्या संघाचे तेही सांगावं लागेल.

१४५५ मध्ये पोप तिसऱ्या कालिक्स्तनं व्हिसेंत फेरेरांना संत जाहीर केलं. हा पोप स्वतः वालेन्सिया मुलखातल्या शातिवा भागाचा, बोर्जा घराण्यातला. मग नाव चहूकडे गेलं आणि जाईल तिथे वेश बदलत गेलं. फ्रान्समध्ये व्हॅन्साँ फेरिए, इटलीत विन्चेन्झो फेर्रेरी, लॅटिनमध्ये विन्चेन्तियुस फेरेरियुस, पोर्तुगीजमध्ये सांव विसेंत फेरेर. व्हानच्या कॅथीड्रलमध्ये त्यांची कबर आहे, आणि तिथल्या लोकांना ते आपलेच, ब्रिटनीचेच वाटतात. न्यू यॉर्कच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर त्यांच्या नावाचं भव्य चर्च आहे. ब्राझीलमध्ये पेर्नाम्बुको आणि मारान्याव या दोन राज्यांत त्यांच्या नावाची गावं आहेत, त्यामुळे भौगोलिक सूचीतही हे नाव डोकावतं. वालेन्सियात मात्र त्यांचा सण ईस्टरच्या हिशोबानं फिरता असतो, आणि त्या दिवसांत रस्त्यावर उभारलेल्या वेदींवर लहान मुलं त्यांच्या चमत्कारांच्या नाटिका वालेन्सियन भाषेत करतात.

या प्रसिद्धीतून आणखी एक गुंता झाला. कॅथलिक घरांत मुलाला संताचं पूर्ण नाव ठेवायची पद्धत पडली. म्हणजे ‘व्हिसेंत’ नाही, अख्खं ‘व्हिसेंत फेरेर’ हेच बाप्तिस्म्याचं नाव. पोर्तुगालमध्ये कोइंब्रा विद्यापीठात एकोणिसाव्या शतकात विसेंत फेरेर नेतो द पायवा नावाचे कायद्याचे गाजलेले प्राध्यापक होते. त्यांचं आडनाव फेरेर नाही. ते ‘प’मध्ये जातात, पायवा. अशा जोडनावांची माणसं फिलिपिन्सपासून ब्राझीलपर्यंत आहेत, म्हणून नुसता ‘फेरेर’ हा शब्द दिसला की आडनाव समजून धावू नये. त्याच्या पुढे आणखी काय आहे ते बघावं. गोव्याच्या नोंदी चाळणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथे दिसणारं फेरैरा हे लोखंडाच्याच घरातलं पोर्तुगीज आडनाव, पण फर्नांडिस अगदी वेगळं, ते फेर्नान्दो या नावापासूनचं. इंग्रजी अक्षरक्रमात ही सगळी शेजारी शेजारी येतात.

आता तुमचे फादर. बार्सिलोनात जन्म, तरी नाव ‘व्हिसेंते’ हे स्पॅनिश रूपात, कारण त्या काळी सरकारी नोंदणी स्पॅनिशमध्येच व्हायची. पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत तर कातालान नावं नोंदवायला बंदीच होती. ती १९७७ मध्ये सैल झाली. म्हणून विसाव्या शतकातल्या कातालान माणसाचं कागदावरचं नाव स्पॅनिश आणि घरातलं नाव कातालान, हे नेहमीचंच. कातालान लेखनात फादर ‘व्हिसेन्स फेरेर’ असेही दिसतात, तेव्हा तो तिसरा माणूस समजू नका. त्यांच्या बाबतीत मी ‘व्हिसेंते’ हेच ठेवतो, कारण ते स्वतः, त्यांची संस्था आणि त्यांच्या नावाचे पुरस्कार सगळे तेच वापरतात. संतांसाठी ‘व्हिसेंत’. एका अक्षराच्या या फरकानंही सूचीत दोघं वेगळे राहतात. बिसेंते की व्हिसेंते हा उच्चाराचा वाद इथे नको. मराठीत रुळेल ते लिहावं, फक्त पुस्तकभर एकच ठेवावं.

तरुणपणी ते पोउम या डाव्या पक्षात होते आणि स्पेनच्या यादवी युद्धात १९३८ च्या एब्रो नदीच्या लढाईत प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढले. पराभवानंतर फ्रान्समधल्या आर्जेलेसच्या छावणीत निर्वासित, मग परत स्पेनमध्ये. १९४४ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. इथे एक सोपी कसोटी मिळते. जेझुइट संघाला पोपची मान्यता १५४० ची. १४१९ मध्ये वारलेला माणूस जेझुइट असूच शकत नाही. ज्या नोंदीत ‘जेझुइट’ आणि ‘१३५०’ एकत्र दिसतील, ती नोंद दोन माणसांची शिवण आहे. तुम्हाला सापडलेली नोंद त्यातलीच.

फेब्रुवारी १९५२ मध्ये ते मुंबईत उतरले. पुण्यात काही काळ अभ्यास झाला, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी मनमाड. तिथलं काम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. शेतकऱ्यानं विहीर खणायला घ्यायची, त्यासाठी गहू आणि तेल मिळायचं, आणि बिनव्याजी पैसे, जे पीक आल्यावर फेडायचे. या कामासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र संघटना उभी राहिली. धर्मांतराचा संशय, स्थानिक राजकारण आणि ज्यांचं व्याज बुडत होतं त्यांचा राग, असं सगळं साचत गेलं आणि १९६८ मध्ये त्यांना देश सोडायचा आदेश निघाला. त्याविरुद्ध शेतकऱ्यांचा मनमाडहून मुंबईकडे मोर्चा निघाला. त्यांच्या प्रतिष्ठानाच्या चरित्रात हे अंतर २५० किलोमीटर आणि माणसं ३० हजारांवर असा आकडा येतो. तुम्ही तो घेतलात तर प्रतिष्ठानाचा आकडा म्हणून घ्या. त्या वेळच्या नाशिक-मुंबईच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहायचं काम स्थानिक इतिहासकाराचंच आहे. इंदिरा गांधींनी मध्यस्थी केली: फादरांनी थोडे दिवस परदेशी जावं, परत आले की स्वागत होईल, अशा आशयाची तार. ते गेले आणि १९६९ मध्ये परत आले, पण महाराष्ट्रात नाही, आंध्रातल्या दुष्काळी अनंतपूरला. तिथे ‘रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट’ उभा राहिला.

१९७० मध्ये त्यांनी जेझुइट संघ सोडला आणि अॅन पेरी या इंग्रज पत्रकार महिलेशी लग्न केलं. लोकांच्या तोंडी ‘फादर’ राहिलंच, पण तुमच्या पुस्तकात १९७० नंतरच्या घटनांत त्यांना जेझुइट किंवा धर्मगुरू म्हणू नका. इथेही नामसाधर्म्याचा एक खड्डा आहे बरं का: अॅन पेरी याच नावाची एक लोकप्रिय इंग्रजी रहस्यकथा-लेखिका होती, आणि पुस्तकांच्या शोधात ती पहिली येते. आपल्या अॅन लग्नानंतर अॅन फेरेर झाल्या. हे इंग्रजी वळण आहे. स्पेनमधली बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही.

मुलाचं नाव मोन्चो फेरेर. तोही अनंतपूरच्या कामात आहे. आता गंमत बघा. वडील फेरेर मोन्चो, मुलगा मोन्चो फेरेर. आडनाव आधी घेऊन कार्ड केलं की वडिलांची नोंद होते ‘फेरेर मोन्चो, व्हिसेंते’ आणि मुलाची ‘फेरेर, मोन्चो’. दोघांत फरक फक्त एका स्वल्पविरामाच्या जागेचा. वडिलांच्या नोंदीत मोन्चो हे आडनाव, मुलाच्या नोंदीत मोन्चो हे नाव. शोधयंत्र स्वल्पविराम गिळून टाकतं, आणि मुलाची भाषणं वडिलांच्या खात्यात जमा होतात. सन बघा. बोलणाऱ्यानं २००९ नंतर काही म्हटलं असेल, तर ते वडील नाहीत.

१९९६ मध्ये स्पेनमध्ये ‘व्हिसेंते फेरेर फाउंडेशन’ स्थापन झालं, म्हणून पुढच्या कागदांत हेच नाव माणसाचं नसून संस्थेचं असतं. ‘व्हिसेंते फेरेर यांनी अमुक गावात घरं बांधली’ असं २०१५ चं वाक्य दिसलं, तर कर्ता संस्था आहे. १९९८ चा ‘प्रिन्स ऑफ अस्तुरियास’ पुरस्कार, सलोख्याच्या विभागातला, हा मात्र माणसाला मिळाला, तोही विभागून. सहविजेत्यांत बांगलादेशचे मुहम्मद युनूस होते. नदालच्या प्रतिष्ठानानं याच संस्थेबरोबर अनंतपूरला २०१० मध्ये टेनिस शाळा सुरू केली. फादरांचं दफन बत्तलपल्लीला झालं, जिथे संस्थेचं मोठं रुग्णालय आहे. जुन्या नोंदींत हे गाव अनंतपूर जिल्ह्यात आहे, २०२२ च्या फेररचनेनंतर श्री सत्य साई जिल्ह्यात. म्हणून मृत्यूचं ठिकाण आणि दफनाचं ठिकाण वेगळ्या जिल्ह्यांत दिसलं तरी गडबडू नका.

जिवंत व्हिसेंते फेरेरही आहेत. वालेन्सियात ‘मेदिया बाका’ ही चित्रपुस्तकांची नावाजलेली छोटी प्रकाशनसंस्था चालवणारे गृहस्थ याच नावाचे. ग्रंथालयाच्या शोधात चित्रपुस्तकं समोर आली तर ती त्यांची. मनमाडशी संबंध नाही.

फेरेरांचा विषय निघालाच आहे, तर झाउमे फेरेर या नावाची जोडी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पहिला मायोर्काचा खलाशी. १३७५ च्या सुमाराच्या प्रसिद्ध कातालान नकाशात, जो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक शिडाचं जहाज काढलेलं आहे आणि शेजारी लिहिलंय की झाउमे फेरेरचं जहाज संत लॉरेन्सच्या दिवशी, १० ऑगस्ट १३४६ ला, सोन्याच्या नदीकडे निघालं. पुढे त्याचं काय झालं ते कळलेलं नाही. दुसरा झाउमे फेरेर ब्लानेस गावचा, दीडशे वर्षांनंतरचा, रत्नांचा जाणकार आणि भूगोलज्ञ. १४९४ च्या तोर्देसिय्यास करारात स्पेन आणि पोर्तुगालनं नवे मुलूख वाटून घ्यायला केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर (लीग हे अंतराचं जुनं माप) रेघ ओढायचं ठरवलं, ती नेमकी कुठे पडते यावर स्पेनच्या राजाराणीनं त्याचं मत मागवलं, आणि १४९५ मध्ये त्यानं कोलंबसला पत्रही लिहिलं. दोघंही समुद्राशी आणि नकाशांशी जोडलेले, म्हणून विषयावरून वेगळे करता येत नाहीत. दुसऱ्याला कायम ‘दे ब्लानेस’ लावूनच वेगळा ठेवतात.

पहिल्याच्या बाबतीत उलटा प्रकारही आहे, आणि तो मला जास्त आवडतो. जिनोआत सापडलेल्या एका लॅटिन टिपणात तोच दिवस, तेच साल, तेच मायोर्का, तीच सोन्याची नदी आणि ‘पुढे काही कळलं नाही’ हेही तेच, पण जहाजमालक कोण? ‘योहान्नेस फेर्ने, कातालान’. नाव वेगळं, पण माणूस बहुधा तोच. एकाच बंदरातून एकाच दिवशी एकाच अज्ञात नदीकडे निघून दोन कातालान बेपत्ता झाले, हे मानायला कठीण. म्हणजे नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही आणि नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही. दिवस, ठिकाण आणि काम या तिघांची साक्ष आधी घ्यायची, नावाची नंतर.

फ्रान्सेस्क फेरेरांचं प्रकरण सोपं आहे, कारण तिथे दुसरं आडनाव मदतीला येतं. फ्रान्सेस्क फेरेर इ ग्वार्दिया (१८५९–१९०९) हे बार्सिलोनात ‘एस्कोला मोदेर्ना’ ही धर्ममुक्त शाळा काढणारे अराज्यवादी शिक्षक. १९०९ च्या दंगलीचा ठपका ठेवून त्यांना १३ ऑक्टोबरला मोन्जुइकच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. जगभर ते ‘फ्रान्सिस्को फेरेर’ म्हणून ओळखले जातात. फ्रान्सेस्क फेरेर इ जिरोनेस (१९३५–२००६) हे राजकारणी आणि कातालान भाषेवरच्या दडपशाहीचा इतिहास लिहिणारे. दोघंही राज्यसत्तेच्या विरोधात लिहिणारे, म्हणून ग्वार्दिया-जिरोनेस सोडलं की गोंधळ झालाच. त्याच नावाचा पंधराव्या शतकातला एक कवीही आहे. त्याला दुसरं आडनाव लावायची सोय नाही, म्हणून शतक लावतात.

तुमच्या सूचीसाठी आता नेमकं. फादरांची मुख्य नोंद ‘फेरेर मोन्चो, व्हिसेंते (१९२०–२००९)’ अशी ‘फ’मध्ये करा. ‘मोन्चो’खाली, ‘फादर फेरर’खाली आणि ‘व्हिसेन्स’खाली ‘पाहा: फेरेर मोन्चो’ एवढंच. मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत मूळ मजकूर शोधताना फेरर, फेरेर, फेर्रेर, फरेर अशी सगळी वळणं टाकून बघा. १९६७–६८ च्या अंकांत तर पहिलं नाव क्वचितच मिळेल, ‘फादर’ एवढंच असतं. संतांचा उल्लेख पुस्तकात एकदाच येणार असला तरी वेगळी नोंद हवीच, ‘व्हिसेंत फेरेर, संत (१३५०–१४१९)’, आणि ती ‘व’मध्ये, कारण संत पहिल्या नावाखाली लावायची रीत आहे. त्यामुळे दोघं सूचीच्या दोन वेगळ्या पानांवर जातील. फाउंडेशनची नोंद तिसरी, संस्थांमध्ये. ज्या ठिकाणी मनमाडखाली १३५०–१४१९ छापलेलं सापडलं, त्यांना कळवताना ‘सालं चुकलीत’ एवढंच लिहू नका. फादरांचं दुसरं आडनाव, जेझुइट संघ आणि दोघांची जन्मगावं लिहा, नाहीतर ते सालं बदलतील आणि पंखवालं चित्र तसंच ठेवतील.